खर्जाचा तोल



महाडहून पोलादपुरास जाणारी वाट सावित्रीच्या खोऱ्यांतून जाते. शिमग्याच्या दिवसांत रात्रीं या वाटेनें चालणाऱ्या माणसास डोंगराच्या पलीकडील एखाद्या वाडींतून ढोलाचा आवाज ऐकूं येतो. सनई ऐकूं येत नाहीं, टिमकी ऐकूं येत नाहीं, गाणाराचे शब्द तर नाहींतच. ऐकूं येतो तो केवळ ढोलाचा धिमा, जड ठोका. वाडी जवळ आली म्हणजे टिमकीचा कडकडाट कानीं पडतो, मग सनईचे सूर उलगडतात आणि अगदीं अंगणांत पाऊल टाकल्यावर शब्द समजूं लागतात. खालू बाजाचा हा अनुभव या मुलखांतल्या लहानथोरांच्या इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं, त्यांत कांहीं नवल आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु आजच्या भाषणाचें सगळें सार त्या एका अनुभवांत आहे. खालचा स्वर दूर जातो. पण तो एकटाच जातो, अर्थ मागें राहतो. या खालच्या स्वरास, म्हणजे खर्जास, मोठें करूनही आवरून कसें धरावें याची विद्या माणसानें कशी कमावली, त्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

प्रथम कारण पाहूं. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर, म्हणजे साधारण ११२५ फूट, इतक्या वेगानें जातो. सेकंदास हजार कंपनें करणाऱ्या स्वराची एक लाट फुटाहून किंचित् मोठी असते. एकेचाळीस कंपनें करणाऱ्या स्वराची लाट सत्तावीस फुटांची असते. लहान लाट भिंतीस, झाडाच्या बुंध्यास, माणसांच्या दाटीस अडते, आणि लांबच्या वाटेंत हवाही तिला शोषून घेते. मोठी लाट अडथळ्यास वळसा घालून पुढें निघून जाते. यास्तव डोंगरापलीकडे पोहोंचतो तो ढोल.

दुसरी गोष्ट आपल्या कानाची. १९३३ सालीं फ्लेचर व मन्सन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविलें कीं, आवाज हळू असतां खालचे स्वर कानास फारच कमी जाणवतात. आवाज चढत गेला म्हणजे तेच स्वर झपाट्यानें पुढें सरसावतात. त्यापूर्वीं १९२४ सालीं वेगेल व लेन यांनीं आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. मोठा खालचा स्वर आपल्या वरच्या स्वरांस झांकून टाकतो. वरचा स्वर खालच्यास तितक्या प्रमाणांत झांकूं शकत नाहीं. आपल्या भाषेंतील व्यंजनांची ओळख वरच्या स्वरांत असते. तेव्हां खर्ज मर्यादेबाहेर गेला कीं पहिला घाव शब्दावर पडतो. हा सिद्धांत ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व इतिहास त्याच्याभोंवतीं फिरतो.

या विद्येचा एक जुना आणि भव्य धडा महाड तालुक्यांतच उभा आहे, तो म्हणजे रायगडावरील राजसभा. ६ जून १६७४ रोजीं याच ठिकाणीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. गडाचें बांधकाम हिरोजी इंदुलकरांचें. ही सभा सुमारें २२० फूट लांब व १२४ फूट रुंद आहे. एका टोकास सिंहासनाची जागा आणि समोरच्या टोकास उंच नगारखाना. सिंहासनाच्या चौथऱ्याजवळ साध्या आवाजांत उच्चारलेला शब्द नगारखान्याच्या दारापाशीं स्पष्ट ऐकूं येतो, हा अनुभव गडावर जाणारे लोक आजही घेतात. नगारा हें खर्जाचें वाद्य. तें सिंहासनाच्या शेजारीं न ठेवतां सभेच्या अगदीं दुसऱ्या टोकास, दरवाजाच्या माथ्यावर ठेवलेलें आहे. बांधणाराचा हेतु काय असेल तो असो. परिणाम असा झाला आहे कीं, नगाऱ्यास अवघें आकाश मिळालें आणि शब्दास सभा मिळाली. दोघांनाही मोठें केलें, परंतु एकमेकांच्या अंगावर जाऊं दिलें नाहीं. ध्वनीचा तोल राखण्याचा हा पहिला उपाय होय : प्रत्येक स्वरास त्याची जागा द्यावी.

दुसरा उपाय हाताचा आहे, आणि तो या मुलखांतल्या देवळादेवळांतून पाहावयास मिळतो. भजनास बसण्यापूर्वीं मृदंगवादक पितळेच्या वाटींत गव्हाची कणीक मळतो आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, तिचा गोल थापतो. मग तळव्यानें एक थाप मारून तो कान देतो. चिमूटभर कणीक काढतो, पुन्हां थाप मारतो. बोटभर पाणी लावतो, पुन्हां ऐकतो. पाहणारास हा विधि वाटतो. वास्तविक तें अतिशय सूक्ष्म असें शास्त्रीय काम आहे. कणकीच्या वजनानें चामड्याचें कंपन मंदावतें व स्वर खालीं उतरतो. कणकीच्या मऊपणानें वरचे कर्कश उपस्वर दबतात. कणीक जास्त झाली तर आवाज मुका होतो, कमी झाली तर डबा वाजविल्यासारखा होतो. ती वाळूं लागली कीं स्वर बदलतो, म्हणून भजन रंगांत आलें असतांही वादकाचें तिच्यावर लक्ष असतें. कोंकणांतल्या पावसाळ्यांत चामडें सैल पडतें, तेव्हां कालचें माप आज उपयोगी पडत नाहीं. दर बैठकीस, दर हवेस, दर गवयाच्या सुरास वेगळा हिशेब करावा लागतो.

ही विद्या आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगासही तितक्याच थोरवीनें नांदत होती. एकोणिसाव्या शतकांतले विख्यात पखवाजवादक नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे. इंदूरच्या दरबारांत त्यांनीं कीर्ति मिळविली आणि त्यांच्या नांवाची परंपरा महाराष्ट्रभर पसरली. पुढें १९२० सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांजबरोबर भारतीय चर्मवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केलें आणि १९३४ सालीं त्या विषयावर विस्तृत प्रबंध लिहिला. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशीं जुळत नसतात. परंतु मृदंग-तबल्याच्या मधोमध दिलेल्या शाईच्या भारामुळें ते तारेच्या उपस्वरांप्रमाणें सुसंगत होतात, हें रामन यांनीं दाखविलें. आपल्या कारागिरांनीं कानानें जें साधलें होतें, त्यास गणिताची साक्ष मिळाली.

आतां यंत्रयुगाकडे वळूं. आरंभीं यंत्राचें आणि खर्जाचें मुळींच जमलें नाहीं. १९२५ पूर्वीं तबकडी मुद्रित करावयाची म्हणजे गवयानें एका मोठ्या कर्ण्यांत गावयाचें, आणि त्या आवाजाच्या जोरानेंच सुईनें मेणावर रेघ ओढावयाची. या कर्ण्यास खालचे स्वर धरतां येत नसत. पाश्चात्य वाद्यमेळांत डबल बेस नांवाचें पुरुषभर उंचीचें तंतुवाद्य खर्जाची बाजू सांभाळतें. तबकडीसाठीं त्याच्या जोडीस अथवा त्याच्या जागीं पितळी ट्यूबा वाजवावी लागे. विजेचें मुद्रण १९२५ सालीं सुरू झालें आणि त्याच वर्षीं राइस व केलॉग यांनीं कागदी शंकूच्या लाउडस्पीकराची रचना प्रसिद्ध केली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें आणि आपल्या भागांतही माणसाचा आवाज तारेवांचून दूर जाऊं लागला. खर्ज आतां मुका राहिला नाहीं. परंतु मुका होता तोंवर जो प्रश्न नव्हता, तो बोलूं लागल्याबरोबर उभा राहिला.

त्या प्रश्नाचें उत्तर मूळ टेलिफोनच्या खात्यांत सांपडलें. लांबच्या तारेंतून जातांना वरचे स्वर अधिक झिजतात व खालचे कमी. त्यामुळें पलीकडे पोहोंचणारा आवाज घुमा होतो. ही झीज भरून काढून सर्व स्वर पुन्हां समान करण्यासाठीं अभियंत्यांनीं जी विद्युत् मंडलें बसविलीं, त्यांवरून इक्वलायझर, म्हणजे समान करणारा, हें नांव रूढ झालें. पुढें बोलपट व रेडिओ यांनीं तें उचललें. १९५२ सालीं पीटर बॅक्झंडॉल यांनीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत खर्ज व तार कमीजास्त करण्याचें एक सुटसुटीत मंडल प्रसिद्ध केलें. घरोघरच्या रेडिओ-ग्रामोफोनवर जीं ‘बेस’ व ‘ट्रेबल’ अशीं दोन बटणें आलीं, त्यांच्या प्रसारास या मंडलाचा मोठा हातभार लागला. १९७२ सालीं जॉर्ज मॅसनबर्ग यांनीं अशा इक्वलायझराचें वर्णन केलें कीं, ज्यांत कोणता स्वर, किती रुंदीचा पट्टा आणि किती प्रमाण, हीं तिन्ही मापें निरनिराळीं ठरवितां येतात. कणकीचा गोल किती मोठा, किती जड आणि किती ओला, हीं मृदंगवादकाचीं तीन मापें ज्यास ठाऊक आहेत, त्यास हें यंत्र परकें वाटूं नये.

या यंत्राची खरी परीक्षा झाली ती डबल बेसवर. हें वाद्य महाड-पोलादपुराच्या वाड्यांत कोणीं वाजविलेलें नसेल. परंतु मराठी कानास तें अपरिचित नाहीं. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि व व्हायोलिन शिकविण्याची चाल पडली. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडांत आणि पुढें सिनेमाच्या वाद्यमेळांत आले. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले तुतारीवादक अंतोनियो शाव्हिएर वाझ हे आल्दोना गांवचे. आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटास संगीत देणारे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, हे पुणतांब्याचे. अशा संगमांतून जीं गाणीं निघालीं, त्यांच्या तळाशीं डबल बेसचा टणत्कार असे. मुद्रणाच्या खोलींत मायक्रोफोन एखाददुसराच असल्यामुळें कोणी किती दूर उभें राहावें यावरून तोल साधीत. रायगडाचाच न्याय तो : प्रत्येकास त्याची जागा.

डबल बेसच्या चार तारा मोकळ्या छेडल्या असतां सुमारें ४१, ५५, ७३ व ९८ कंपनांचे स्वर निघतात. मृदंगाची धूम आणि या तारा एकाच प्रदेशाच्या रहिवासी होत. एवढा मोठा देह असूनही सत्तावीस फुटांची लाट जोरानें बाहेर फेंकण्यास तो अपुराच पडतो. अगदीं खालच्या तारेचा मूळ स्वर क्षीण निघतो. त्याचे दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर मात्र स्पष्ट निघतात, आणि कान त्यांवरून मूळ स्वराची पूर्ति करून घेतो. म्हणजे आपणांस ऐकूं येणारा खर्ज अंशतः आपल्याच श्रवणानें रचिलेला असतो. ही मोठ्या उपयोगाची गोष्ट आहे, हें पुढें दिसून येईल.

नाचाचे बँड मोठमोठे होत गेले तसा हा क्षीण स्वर बुडूं लागला. १९४६ सालीं अमेरिकेंत एव्हरेट हल या वादकानें डबल बेसच्या तळाशीं जमिनीवर टेकणाऱ्या खुंटीवर मायक्रोफोन बसवून तो वाद्याच्या पोटांत ठेवण्याची युक्ति काढली. इंग्रजींतील ‘अँप्लिफाइड पेग’, म्हणजे आवाज वाढविलेली खुंटी, या शब्दांवरून ‘अँपेग’ हें नांव निघालें. परंतु पोटांत मायक्रोफोन ठेवला कीं लाउडस्पीकराचा आवाज पुन्हां त्याच पोटांत शिरतो, लांकूड थरथरूं लागतें, ती थरथर पुन्हां लाउडस्पीकरांतून बाहेर पडते, आणि क्षणांत एकच घोंघाट सुरू होतो. यास फीडबॅक म्हणतात. १९५१ सालीं फेंडर कंपनीनें भरीव लांकडाचा विजेचा बेस गिटार विक्रीस आणला. त्यास पोकळ पोटच नसल्यामुळें हा उपद्रव फारच कमी, आणि पुष्कळ वादक तिकडे वळले. जे जुन्या वाद्याशीं निष्ठ राहिले, त्यांनीं पुढें पुलाखालीं अथवा पुलाच्या पायांत बसणारें स्फटिकाचें पिकअप स्वीकारलें. दाबामुळें स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हा शोध क्यूरी बंधूंनीं १८८० सालींच लावला होता.

या स्फटिकाची एक अडचण आहे. त्याला बोटाचा टकटकाट फार ऐकूं येतो आणि लांकडाचा गाभा कमी. शिवाय ज्या यंत्रांत तें जोडावयाचें, त्याचा प्रवेशावरोध दहा लक्ष ओहमच्या आसपास नसला तर खर्ज तेथेंच गळून जातो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. नवशिका वादक तें पाहून बेसचें बटण पूर्ण फिरवितो, आणि येथेंच त्याची फसगत होते. अनुभवी माणूस उलट दिशेनें जातो. तो प्रथम चाळिसांच्या खालचें सगळें कापून टाकतो, कारण तेथें स्वर नसतो, केवळ पायांचे धक्के व व्यासपीठाचा हादरा असतो. नंतर आवाज हळूहळू वाढवून वाद्य कोणत्या स्वरावर घोंघावूं लागतें तें शोधतो; वाद्याच्या पोटाचा नैसर्गिक घुमारा बहुधा ६० ते १०० कंपनांच्या दरम्यान असतो. सांपडलेला तेवढाच अरुंद पट्टा तो खालीं आणतो. शेजारच्या स्वरांस हात लावीत नाहीं. तिसरें, २०० ते ३०० कंपनांच्या भागांतला चिखल तो थोडा उपसतो. मग ७०० ते १००० यांच्या आसपास, जेथें बोटानें तार सोडल्याची खूण असते, तेथें जरूर वाटल्यास किंचित् भर घालतो. श्रोत्यास स्वराचा आरंभ स्पष्ट कळला म्हणजे पाठीमागचा खर्ज त्याचा कान आपण होऊन भरून घेतो. चार कामांपैकीं तीन काढण्याचीं, एक घालण्याचें; आणि तेंही खर्जांत नव्हे.

जागेचाही विचार त्यास करावा लागतो. लाउडस्पीकर भिंतीच्या कोपऱ्यांत ठेवला कीं खर्ज फुगतो. उघड्या मैदानांत तोच विरळ होतो. रिकाम्या मंडपांत हळू आवाजांत ठरविलेला तोल माणसें भरल्यावर आणि आवाज चढविल्यावर टिकत नाहीं. फ्लेचर-मन्सन यांनीं सांगितल्याप्रमाणें खर्ज पुढें येतो आणि श्रोत्यांचीं वस्त्रें वरचे स्वर शोषून घेतात. म्हणून खरी बैठक सुरू झाल्यावर पुन्हां एकदां कान द्यावा लागतो. कणीक वाळली कीं पाण्याचें बोट लावावें लागतें, त्यांतलाच हा प्रकार.

हें सर्व मीं पुस्तकांतून जाणलें. पण त्याचा अर्थ मला कळला तो पोलादपूर तालुक्यांतील एका हरिनाम सप्ताहांत. मंडपाच्या चारी कोपऱ्यांत मोठाले लाउडस्पीकर रचले होते आणि मृदंगाच्या दोन्ही तोंडांशीं मायक्रोफोन होते. अभंग सुरू झाला आणि धुमेच्या दर थापेगणिक मंडपाचे पत्रे थरथरूं लागले. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनीं कानाशीं हात नेले. त्या शब्द ऐकावयास आल्या होत्या आणि शब्दच त्यांस लाभत नव्हता. पहिला अभंग संपतांच यंत्रावर बसलेल्या मुलानें मोठ्या अदबीनें विचारलें, “तात्या, तुमचा आवाज बरोबर येतोय ना? बेस अजून वाढवूं?” वृद्ध मृदंगवादक क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग हातावरची कणीक दाखवून म्हणाले, “बाळा, ही मीं मापून लावली आहे. तूं तिथें बसून आणखी लावलीस. तुझी तेवढी काढ.”

मुलगा समजूतदार होता. त्यानें बटण उलटें फिरविलें. पत्रे थांबले, धूम लहान झाली; आणि नवल असें कीं ती अधिक ऐकूं येऊं लागली. थापेची सुरुवात कळूं लागली, टाळ तिच्यापासून निराळे झाले आणि बुवांचा शब्द शेवटच्या बाईपर्यंत पोहोंचला. पुढच्या अभंगास तात्यांनीं आपली कणीकही थोडी कमी केली व मुलाकडे पाहून मान हलविली. दोघे कारागीर एकमेकांचें ऐकूं लागले होते.

आज या खोऱ्यांत लग्नास, जत्रेस, मिरवणुकीस मोठाल्या यंत्रांचा खर्ज घुमतो. महाडास महाशिवरात्रीनंतर विरेश्वराचा छबिना निघतो, गांवोगांवच्या देवांच्या काठ्या भेटीस येतात, तेव्हां ढोलाच्या अंगच्या आवाजांत जो दिमाख असतो, तो केवळ बळाचा नसतो. ढोल, टिमकी व सनई यांच्या परस्पर मर्यादेचा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु ज्या ‘ए’ मापानें ही मोजणी होते, तें कानाच्या स्वभावास अनुसरून पन्नास कंपनांच्या स्वराचे सुमारें तीस डेसिबल वजा धरतें. म्हणून कधीं कधीं कांटा मुकाट राहतो आणि खिडकीचें तावदान मात्र बोलतें. कायदा करावयाचें तें करील. बटणावरच्या हातास कान असल्यावांचून काम पुरें होणार नाहीं.

तो कान कोठून यावा? मला वाटतें, तो बाहेरून आणावा लागत नाहीं. ज्या वृद्धांस धुमेवर किती कणीक लागते हें कळतें, त्यांचीं संख्या घटत चालली आहे. यंत्र चालविणाऱ्या मुलांची संख्या वाढत आहे. या दोघांनीं एका मंडपांत शेजारीं बसावें, एवढेंच व्हावयास हवें. तसें न झालें तर मृदंगवादक म्हणेल कीं यंत्र आहेच, कणीक कशास मळूं. आणि मुलगा म्हणेल कीं बटण आहेच, ऐकूं कशास. मग आवाज पुष्कळ होईल आणि अभंग हरवेल.

ज्यानें रायगडावर नगारा आणि सिंहासन यांच्यामध्यें दोनशें फुटांचें अंतर ठेवलें, ज्यानें धुमेवरून चिमूटभर कणीक काढली आणि ज्यानें इक्वलायझरावरचा एक अरुंद पट्टा खालीं आणला, त्या तिघांनीं एकच काम केलें. खर्जास मान दिला, पण शब्दाच्या पुढें बसूं दिलें नाहीं. पुढच्या सप्ताहास आपल्या गांवीं मंडप उभा राहील, तेव्हां पहिला अभंग संपल्यावर सर्वांत मागें बसलेल्या आजीबाईस एवढें विचारावें कीं, शब्द कळले काय? ती हो म्हणाली, तर तोल साधला असें समजावें.